अंगठ्यावर चालणारी हिरवी

९ जानेवारी

वन्सं,

आशीर्वाद द्यायला मी एवढी म्हातारी नाही आणि नमस्कार करायला तुम्ही माझ्याहून मोठ्या नाही, तेव्हा सरळ कामाचं बोलते. उत्तर घरी पाठवू नका, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर पाठवा. फोन तर अजिबात करू नका. तुमच्या दादांचा कान तुम्हाला माहीत आहे. तीन गल्ल्या पलीकडून गाडी गेली तरी तिचा कुठला नट ढिला आहे ते सांगतात. मी स्वयंपाकघरात कुजबुजलेलं गॅरेजमध्ये ऐकू जाणारच.

विषय माझ्या पायाचा. दीड वर्षापूर्वी माझ्या ड्रायव्हिंगच्या शाळेच्या दारावरची पाटी पुसताना शिडीवरून पडले, तेव्हा उजव्या घोट्यात सळ्या घातल्या. त्या आता कायमच्या बिऱ्हाडाला आल्या आहेत. घोटा वाकत नाही. क्लचला डावा पाय आहे आणि ब्रेक मांडीच्या जोरावर दाबता येतो. पण ॲक्सिलरेटर म्हणजे सगळं घोट्याचं काम. पाय ठेवला की घरची जुनी गाडी, आपली हिरवी, एक तर हलत नाही, नाही तर उडीच मारते.

ह्यांनी स्टिअरिंगजवळ एक लोखंडी दांडी बसवून दिली होती, अंगठ्याने तार ओढायची. चढावर दहा मिनिटं धरली आणि अंगठा टम्म सुजला. ह्यांनी दांडी काढून कोपऱ्यात टाकली आणि म्हणाले, आता पुरे, ही वडिलांची गाडी आहे, मूळ गाडीला ह्यापुढे एक खिळा लागणार नाही. लेक म्हणते, आपोआप गिअर बदलणारी नवी गाडी घे. अगं बाई, तिचाही ॲक्सिलरेटर पायालाच आहे.

२८ मार्चला निरीक्षकापुढे माझी परीक्षा आहे. माझ्या पायाला जमेल अशी सोय केलेल्या गाडीत घ्या, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्या दिवशी जमलं नाही तर परवाना गेला आणि शाळेची पाटीही उतरली. तीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. अर्धं गाव माझ्या शेजारी बसून घामाघूम झालेलं आहे. मला परत गाडी चालवायची आहे, वन्सं. तुमच्या दुकानात जुन्या कॉम्प्युटरांचा आणि प्रिंटरांचा डोंगर आहे. त्यात माझ्यासाठी तार ओढेल असं काहीतरी असेलच ना?

तुमची वहिनी


१६ जानेवारी

वहिनी,

दादाच्या पाठीमागे काही करायचं म्हटलं की मी पंचावन्नाची एकदम दहा वर्षांची होते. पत्र वाचलं आणि दुकानाचं अर्धं शटर ओढून डोंगर उपसायला बसले. गिऱ्हाईक वाकून विचारत होतं, ताई, आहात का? मी म्हटलं, नाही.

ऐक. दांडीत दोष नव्हता. तुझ्या अंगठ्याकडून ओझं ओढायची अपेक्षा केली, ती चूक. अंगठ्याने नुसतं सांगायचं, एवढं हवं, एवढं नको. ओढायचं काम मोटर करेल. नव्या गाड्यांत पायाखाली तार नसतेच, पाय नुसता निरोप देतो आणि पुढे इंजिनाशी मोटर ते काम करते. तेच आपण हिरवीत करू, फक्त सगळं सामान भंगारातलं.

मला दोन मापं हवीत. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाच्या बाजूची तार किती लांब सरकते, आणि ती ओढायला किती किलो जोर लागतो. बॅग तोलायचा काटा आहे ना घरात? तो अडकव आणि ओढ. दादा नसताना.

टाचणी

(दादा मला टाचणी म्हणतो ते तू कधी म्हणत नाहीस, पण कटकारस्थानाला टोपणनाव बरं असतं.)


२४ जानेवारी

वन्सं,

साडेचार सेंटीमीटर. तीन किलोला जरा कमी.

हे आंघोळीला गेल्यावर मी काटा घेऊन बॉनेटमध्ये शिरले. बादलीचा आवाज येत होता तोवर ठीक होतं. मग आवाज थांबला आणि पाच मिनिटांत हे टॉवेल गुंडाळून दारात.

"काय करतेस?"

"बॅग तोलतेय."

"कुठे आहे बॅग?"

मी इकडेतिकडे पाहिलं. म्हटलं, "आधी काटा बरोबर आहे का ते बघतेय." ह्यांनी टॉवेल आवळला आणि कपडे घालायला गेले. वाचलो म्हणायचं.

पाय बरा आहे. काल शाळेच्या गाडीत शेजारी बसून एका शिकाऊ बाईंना चौकातून वळवून आणलं. त्या चालवत होत्या आणि माझा दुखरा पाय खाली नुसताच ॲक्सिलरेटर शोधत होता. घरी आल्यावर उगाचच रडू आलं. कुणाला सांगू नका.

वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं रडणं कुणाला सांगितलं नाही. खोकं पाठवतेय, त्यानेच काय ते उत्तर द्यावं.

आधी जुन्या फ्लॉपी ड्राइव्हची मोटर लावली. तीन किलो म्हणताच तिने मान टाकली. दुसरी थोडी मोठी, तीही रुसली. मग आठवलं, एका कचेरीतून आलेला रुंद कागदाचा प्रिंटर माळ्यावर पडलाय, तो छापायला लागला की टेबल चालायला लागायचं. त्याची मोटर काढली. तिने तीन किलो असे उचलले की काट्याची गाठच सुटली.

खोक्यात काय काय आहे ते सांगते. मोटर, तिच्यावर दातेरी चाकं. चाकांच्या मध्ये फोटोकॉपी मशीनमधली चुंबकाची पकड. वीज आहे तोवर ती धरते, वीज गेली की सोडते, आणि सोडलं की हिरवीची स्वतःची स्प्रिंग तार मागे घेते. ब्रेकच्या दिव्याची वायर हिला जोडायची, म्हणजे ब्रेक दाबला की पकड सुटली. अंगठ्यासाठी जॉयस्टिकचा तुकडा आहे, माझ्या भाडेकरूंच्या मुलांनी गेम खेळून खेळून बाकीचा मोडला होता. डोकं म्हणून एक छोटं कार्ड, त्याला काय करायचं ते मी शिकवून ठेवलंय. कार्ड तापू नये म्हणून कॉम्प्युटरचा पंखा. टेबलावर दोनशे वेळा चालवून पाहिलं, एकदाही चुकलं नाही.

तीस वर्षं दादाला पाने हातात देऊन देऊन तू अर्धी मेकॅनिक झालीच आहेस. चित्र सोबत आहे, वायरींना रंगाच्या चिकटपट्ट्या लावल्यात. दादा न्हाव्याकडे गेला की दीड तास येत नाही. तेवढ्यात बसेल. गाडी चालू कर, न्यूट्रलमध्येच ठेव, मग डब्याचं बटण दाब. आणि लगेच कळव.

टाचणी


१९ फेब्रुवारी

टाचणी,

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. हे लिहितोय म्हणजे समज.

परवा न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. अर्धी दाढी झाली होती. तेवढ्यात हिरवी किंचाळली. चाळीस वर्षांत मी तिला असं ओरडताना ऐकलेलं नाही. एका गालाला फेस, गळ्यात टॉवेल, तसाच पळालो. टॉवेल न्यायला न्हावी मागून, त्याच्या हातात वस्तरा. लोकांना वाटलं आज मुडदाच पडतो.

पोचलो तेव्हा तुझी वहिनी ड्रायव्हरच्या जागेवर, किल्ली काढून हातात, तोंड पांढरंफटक. गाडी चालू केली, तुझ्या डब्याचं बटण दाबलं, आणि कुणी अंगठा लावायच्या आत मोटरने तार शेवटपर्यंत खेचली. गिअरमध्ये असती तर भिंत घेऊन शेजाऱ्याच्या न्हाणीत गेली असती. म्हणे दोनशे वेळा टेबलावर. टेबल कधी भिंतीवर आदळतं का गं?

सगळं उपटून खोक्यात भरलंय. तुम्हा दोघींना वाटतं मला काही कळत नाही. बॉनेटमध्ये काटा बघितला त्याच दिवशी कळलं होतं. गप्प बसलो. म्हटलं, जमलं तर बरंच आहे.

आता एक सांगतो ते तुझ्यापाशी ठेव. मूळ गाडीला हात लावू नका वगैरे मी बोललो ते सगळं उगाच. वडील असते तर त्यांनीच आधी बॉनेट उघडलं असतं. तुझी वहिनी पाटी पुसायला चढली तेव्हा शिडी मी धरली होती. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज बरोबर नव्हता. मी वळून बघितलं. हात सुटला असणार. शिडी घसरली असं ती सगळ्यांना सांगते आणि मी मान हलवतो. आता मी बसवलेल्या यंत्रामुळे तिला आणखी काही झालं तर काय करू? त्यापेक्षा नकोच म्हटलं.

परत पाठवू की फेकून देऊ ते कळव.

दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

आधी माझे कान धरते. चूक शंभर टक्के माझी आणि ती माझ्याशिवाय कुणाच्या हातून झालीच नसती.

प्रिंटर चालू केला की काय करतो ते आठव. छापायच्या आधी त्याचं डोकं पार एका टोकाला जातं, भिंतीला टेकतं आणि परत येतं. त्याशिवाय आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळत नाही. इतकी वर्षं रोज ते बघतेय, आता ते माझ्या डोळ्यांना दिसतही नाही. कार्डाला शिकवताना मी तेच शिकवलं, चालू झालास की आधी टोकाला जाऊन ये. टेबलावर ते टोक म्हणजे नुसतं टोक होतं. हिरवीत ते टोक म्हणजे पूर्ण ॲक्सिलरेटर. आता कार्डाला सांगितलंय, जायचं तर मिटलेल्या टोकाला जायचं, जिथे स्प्रिंग आधीच ओढून बसलीय. नवं कार्ड सोबत आहे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. माझ्या धंद्यात काही अडलं की आपण म्हणतो, बंद करून चालू करा. कुणी मरत नाही. तुझ्या धंद्यात तसं चालत नाही, आणि हे मला खोकं भरताना सुचायला हवं होतं. मला तार ओढता येते. काय काय बिघडू शकेल हे तुलाच कळतं. म्हणून फेकू नकोस. एकदा तूच बसव, तुझ्या पद्धतीने, जगातल्या सगळ्या शंका काढून. तुझ्या मनासारखं झालं नाही तर मी स्वतः येऊन हातोड्याने फोडीन.

शिडीचं मी कुणाला सांगणार नाही. दीड वर्ष एकटा हे घेऊन बसलास, वेड्या. तुला भीती वाटते म्हणून ती घरात बसणार, हे मात्र बरोबर नाही. ती मागच्या महिन्यात रडली होती. सांगू नकोस म्हणाली होती, तरी सांगतेय.

टाचणी


१५ मार्च

वन्सं,

तुम्ही ह्यांना काय लिहिलंत ते मला माहीत नाही. विचारलं तर म्हणतात, "प्रिंटरबद्दल होतं." दोन दिवस खोक्यापुढे स्टूल टाकून नुसते बसले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बॉनेट उघडं, आणि हे तोंडात स्क्रू धरून मला हाक मारतायत, "बॅगवाल्या बाई, या इकडे."

तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. कार्ड आणि पंखा बॉनेटखाली तापतील म्हणून आत, सामान ठेवायच्या कप्प्यात बसवले. तारेला आणखी एक स्प्रिंग लावली, एक तुटली तर दुसरी. माझ्या हाताशी मोठं लाल बटण, दाबलं की सगळी वीज बंद. मग मला म्हणाले, गाडी न्यूट्रलमध्ये, अंगठ्याने रेस वाढव आणि धरून ठेव. आणि हे एकेक वायर उपटत गेले. उपटली की इंजिन खाली यायला हवं. पंचेचाळीस वेळा केलं. चव्वेचाळीस वेळा खाली आलं.

ते पंचेचाळिसावं तुम्हाला माहीतच आहे. अंगठ्याची एक ठरावीक वायर तुटली की कार्डाला वाटायचं, अंगठा पूर्ण दाबलाय. म्हणून तर ह्यांनी तुम्हाला फोन केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून जॉयस्टिकचा दुसरा तुकडा मागितला. आता अंगठ्याला दोन साक्षीदार आहेत. दोघांचं म्हणणं जुळलं नाही की कार्ड पकड सोडून देतं. ह्यांना ते फार आवडलंय. येईल त्याला बॉनेट उघडून दाखवतात. आमचा पोस्टमन आता ह्या विषयात तुमच्याही पुढे गेला असेल.

आणखी एक गोष्ट झाली. परवा स्प्रिंग अडकवताना, माझ्याकडे न बघताच हे म्हणाले, "शिडी माझ्या हातून सुटली होती." मी म्हटलं, माहीत आहे. हातातली स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. म्हटलं, मी वरून बघत होते ना. निळी गाडी होती, सायलेन्सर फाटलेला. "मग बोलली का नाहीस?" म्हणाले. काय बोलणार, वन्सं? मीपण त्या गाडीकडेच बघत होते. म्हणून तर तोल गेला. पाटी सोडून सायलेन्सरकडे वळून बघणारी शिक्षिका, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? नवरा खाली, बायको वर, आणि दोघंही एका फाटक्या सायलेन्सरकडे बघतोय. आम्ही इतके हसलो की शेवटी हे जमिनीवर बसले. मग ह्यांचे डोळे पुसायला मी ग्रीसचं फडकं दिलं आणि तोंड काळं झालं ते वेगळंच.

स्प्रिंग अजून सापडलेली नाही. दुसरी लावलीय.

परीक्षेला तेरा दिवस आहेत. रोज सकाळी मैदानात जाते. अंगठ्याला अजून चढावर थांबून परत निघणं जमत नाही, दोनदा इंजिन बंद पडलं. भीती वाटते. पण चालवतेय.

वहिनी


२८ मार्च

टाचणी,

पोस्टकार्डावर जागा कमी आहे.

पास.

निरीक्षक तिच्याकडेच गाडी शिकलेला निघाला. शेजारी बसला आणि सवयीने आधी त्यानेच आरसा नीट केला. तिने सांगितलं, हात मांडीवर, परीक्षा माझी आहे. चढावर थांबवलं. मी खाली फाटकाशी उभा राहून ऐकत होतो. क्लच सुटला, अंगठा आला, हिरवी बोटभरही मागे सरकली नाही. मी पायाने काढतो त्यापेक्षा चांगली काढली. हे तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

त्याने परवान्यावर काय लिहायचं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "लिहा, ॲक्सिलरेटर अंगठ्याला." तसंच लिहिलंय.

दादा


१२ एप्रिल, तुमच्या दुकानासमोर

वन्सं,

हे पत्र पोस्टातून आलेलं नाही, शटरच्या फटीत बाहेरून खोचून ठेवतेय. तुम्ही कुठे उलथलात? शटरला कुलूप, पाटीवर "दहा मिनिटांत येते", आणि शेजारचा चष्मेवाला म्हणतो ती पाटी सकाळपासून आहे.

होय, मी आले. हिरवी घेऊन. एकशे ऐंशी किलोमीटर, घाटासकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत मी चालवली. कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही नाक्यावर येऊन उभ्या राहिल्या असता आणि मला तुमच्या दारात हॉर्न वाजवायचा होता.

निघताना हे शेजारी बसले ते डॅशबोर्डला दोन्ही हात लावून. पहिले चाळीस किलोमीटर ह्यांचा उजवा पाय खाली सारखा ब्रेक दाबत होता. जिथे ब्रेक नाही तिथे. शिकाऊ मुलांच्या आयांना मी असं करताना पाहिलंय. मग घाट आला. ट्रकच्या मागून निघायचं होतं, मी अंगठा दाबला, मोटर तुमच्या प्रिंटरसारखी कुर्रकन बोलली आणि हिरवी वर गेली. ह्यांनी मान तिरकी करून ऐकलं. मी वाट बघत होते, आता काहीतरी ढिलं निघणार. काहीच निघालं नाही. थोड्या वेळाने हात डॅशबोर्डवरून खाली आले.

घाट उतरल्यावर मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. बघते तर डोकं खिडकीला टेकलेलं आणि तोंड उघडं.

वन्सं, अडतीस वर्षांच्या संसारात हा माणूस दुसरं कुणी चालवत असताना गाडीत झोपलेला नाही. बसमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या मागची जागा धरून जागा राहतो. माझ्या शाळेत शिकलेल्या चारशे जणांपैकी एकाच्याही गाडीत ह्यांचा डोळा लागला नाही, आणि मी तर त्या सगळ्यांची गुरू, तरी माझ्याही गाडीत नाही. शेवटचे साठ किलोमीटर हे घोरत होते. मी इतकी सावकाश चालवली की एक सायकलवाला पुढे गेला.

आता अर्धा तास तुमच्या दारात उभी आहे. हॉर्न वाजवायचा म्हणून इतक्या लांब आले आणि वाजवत नाहीये. इंजिन बंद केलं तर जागे होतील म्हणून तेही चालूच ठेवलंय, अंगठ्याने अगदी हळू.

तुम्ही आलात की शटर एकदम वर ढकलू नका. आधी गाडीच्या, माझ्या बाजूच्या काचेवर हलकेच टकटक करा, मी बाहेर येते.

तुमची वहिनी